पिकांचे रानातील भाऊबंद

नरकचतुर्दशीची पहाट तुम्हांला आठवत असेलच. अंगाला उटणे लावून अभ्यंगस्नान झाले, की तुळशीपाशी जावयाचे आणि डाव्या पायाच्या अंगठ्याने एक लहानसे हिरवे फळ फोडावयाचे. हे फळ म्हणजे नरकासुर, असे घरची वडील माणसे सांगतात. त्याचा कडू रस जिभेला लावला की तोंड वाकडे होते आणि मग फराळाचे ताट अधिकच गोड लागते. या फळाचे नाव कारीट. दिवाळीच्या आदल्या दिवशी कोणीतरी ते बांधावरून किंवा कुंपणावरून तोडून आणतो. दिवाळी सरली, की वर्षभर त्याची कोणाला आठवणही राहत नाही.

पण कारिटाची वेल एकदा जवळून पाहा. तिची खरखरीत पाने, नाजूक तणावे आणि पिवळी फुले पाहून तुम्ही म्हणाल, "ही तर आपल्या परसातल्या चिबडाच्या वेलीसारखी दिसते!" तुमचे म्हणणे अगदी खरे आहे. खरबूज आणि चिबूड ही ज्या जातीची फळे, त्याच जातीचे कारीट हे रानटी रूप आहे. काकडी ही त्याच घराण्यातील, पण थोडी दूरची. ज्याला आपण नरकासुर म्हणून दरवर्षी पायाखाली चिरडतो, तो खरबुजाचा सख्खा भाऊ आहे!

असे भाऊबंद एकट्या खरबुजालाच आहेत असे नाही. भात, मूग, उडीद, तूर, ऊस, भेंडी, वांगे, सुरण, हळद या सर्वांचे आप्त आपल्या देशाच्या रानावनांत आणि ओढ्याकाठी आजही आपल्या बळावर वाढत आहेत. त्यांना कोणी पेरीत नाही, कोणी खत घालीत नाही आणि कोणी राखीतही नाही. त्यांची नोंद करून ठेवावी, त्यांचे रक्षण करावे, असे शास्त्रज्ञ आज आग्रहाने सांगत आहेत. ते का, हे आपण पाहू.

पालघर जिल्ह्यात सातपाटीच्या समोर, खाडीच्या उत्तरेच्या काठावर मुरबे नावाचे गाव आहे. पश्चिमेला अरबी समुद्र आणि दक्षिणेला खाडी. शेजारच्या एका गावाचे तर नावच खारेकुरण! पावसाळ्याच्या आरंभी आपण अशा किनाऱ्यावरून निघून पूर्वेकडच्या डोंगरांच्या दिशेने चाललो आहोत, अशी कल्पना करा. प्रथम लागतो खाडीचा चिखल. मग खारे पाणी अडविण्यासाठी घातलेले बांध आणि त्यांच्या आतील भाताची शेते. पुढे माळ, कुंपणे आणि शेवटी जंगल. कोकणाच्या या उत्तर भागात अशा वाटेने जाताना कुंपणावर चढलेली कर्टोलीची वेल दिसते. ती कारल्याची बहीण. माळावर काट्यांनी भरलेली डोरली आणि काटेरिंगणी दिसतात; त्या वांग्याच्या नात्यातल्या. पाऊस पडताच जंगलात भुईतून शेवळाचे कोंब वर येतात. पालघर, मनोर या बाजूंच्या बाजारांत आदिवासी स्त्रिया शेवळांच्या जुड्या विकावयास बसतात आणि त्यांची खाज मोडण्यासाठी त्याबरोबर काकडाची आंबट फळेही देतात. हे शेवळ म्हणजे सुरणाचा रानातील भाऊ. झाडांवर चढणारा कडू करांदा हा कोनफळाचा आप्त. आणि तळ्याच्या कडेला किंवा शेताजवळच्या पाणथळ डबक्यात भातासारखेच एक गवत उभे असेल, तर ते कदाचित देवभात असेल. कोणी त्याला रानभातही म्हणतात.

देवभात आणि शेतातले भात यांत फरक कोणता? शेतातल्या भाताची लोंबी पिकली, तरी दाणे तिला धरून राहतात. म्हणून तर आपण कापणी करून, भारे बांधून, खळ्यावर झोडणी करू शकतो. देवभाताचे दाणे मात्र पिकताच आपोआप गळून पडतात. त्यांना लांब कुसळे असतात. ते चिखलात रुततात आणि योग्य वेळ येईपर्यंत मातीत स्वस्थ पडून राहतात. रानातल्या रोपाचे यातच हित आहे. त्याची पेरणी करावयास कोणी येणार नाही. त्याने आपली पेरणी आपणच करावयाची असते.

सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी माणूस शेती करू लागला, तेव्हा त्याने अशाच रानटी गवतांतून निवड केली. ज्या लोंबीतील दाणे गळले नाहीत, तीच त्याच्या हाती लागली. तिचेच बी त्याने पुढच्या वर्षी पेरले. मग मोठा दाणा, गोड गर, मऊ साल असे त्याला आवडणारे गुण तो पिढ्यान्‌पिढ्या निवडीत गेला. अशा रीतीने रानातील गवताचे पीक झाले. मात्र प्रत्येक निवडीत काही ठेवले जाते, तसे काही टाकलेही जाते. कडूपणा गेला, त्याबरोबर किडीला दूर ठेवणारे विष गेले. काटे गेले, त्याबरोबर गुरांपासून मिळणारे संरक्षण गेले. आजचे पीक हे लाडात वाढलेल्या मुलासारखे आहे. वेळेवर पाणी, खत आणि औषध मिळाले तर ते भरभरून देते; पण एखादे नवे संकट आले, की ते गांगरून जाते.

त्यात आणखी एक भर पडते. चांगले वाण हाती आले, की सर्वजण तेच लावतात. मैलोगणती शेतांत एकसारखी रोपे उभी राहतात. अशा वेळी एका रोपाला बाधणारा रोग सर्वांनाच बाधतो. १८४५ साली आयर्लंड देशात असेच घडले. तेथील गरीब लोक बटाट्यावर जगत असत आणि तो बटाटा मोजक्याच वाणांचा होता. करपा रोग आला आणि शेतेच्या शेते कुजून गेली. पुढील काही वर्षांत सुमारे दहा लक्ष माणसे उपासमारीने व तापाने मेली आणि तितकीच देश सोडून गेली.

रानातील रोपांचे तसे नसते. त्यांत कोणी उंच तर कोणी ठेंगणे, कोणी उन्हाला कणखर तर कोणी पाण्यात तग धरणारे. हजारो वर्षे रोग, कीड, दुष्काळ आणि पूर यांच्याशी एकट्याने झुंजत ती टिकून राहिली आहेत. जो गुण आपल्या पिकाने वाटेत गमावला, तो बहुधा या रानातल्या भावाने जपून ठेवलेला असतो. भाऊबंद म्हटले की आपल्याला वाटणीचे भांडण आठवते. परंतु हे भाऊबंद वाटणी मागावयास येत नाहीत. उलट घरावर संकट आले, तर आपल्या गाठीचे काढून देतात.

याचे सर्वांत मोठे उदाहरण भाताचेच आहे. १९७० च्या सुमारास आग्नेय आशियातील भातशेतीवर एक विषाणुरोग पसरला. तपकिरी तुडतुडे हा रोग एका रोपावरून दुसऱ्यावर नेत. रोग झालेले रोप खुजे राही, त्याला गवतासारखे असंख्य फुटवे फुटत. पण लोंबी काही धरत नसे. फिलिपाईन्स देशात आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था आहे. तेथील शास्त्रज्ञांनी या रोगाला दाद न देणारे भात शोधण्यास आरंभ केला. त्यांच्यापाशी देशोदेशींच्या वाणांचा मोठा संग्रह होता. त्यांनी एकेक करून सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. एकामागून एक सर्व रोगाला बळी पडले. टिकून राहिला तो एकच नमुना, आणि तोही कोणा शेतकऱ्याच्या वाणाचा नव्हे, तर रानभाताचा होता.

हा रानभात कोठला होता? तो आपल्या भारतातला होता! उत्तर प्रदेशातील गोंडा या ठिकाणाजवळून १९६३ साली त्याचे बी गोळा केलेले होते. पुढे १९६५ साली शर्मा व शास्त्री या दोन भारतीय शास्त्रज्ञांनी या जातीला शास्त्रीय नाव दिले, 'ओरायझा निवारा'. यातला 'निवारा' हा शब्द म्हणजे आपला संस्कृतातील नीवार होय. नीवार म्हणजे न पेरता उगवणारे भात, ऋषिमुनींचे धान्य. कालिदासाच्या 'शाकुंतला'त कण्वमुनींच्या आश्रमाचे वर्णन आहे. तेथे पोपटांच्या ढोलीतून झाडाखाली सांडलेले नीवाराचे दाणे दिसतात. ऋषिपंचमीच्या दिवशी बैलांच्या कष्टांवाचून आलेले अन्न खावे, अशी आपल्याकडे चाल आहे. छत्तीसगडात हलषष्ठीच्या व्रताला स्त्रिया 'पसहर' नावाचे तांदूळ खातात. तेही रानभाताचेच दाणे होत. ऋषींच्या या धान्यानेच संकटाच्या वेळी शेतकऱ्यांना हात दिला.

पंजाबात जन्मलेले शास्त्रज्ञ डॉ. गुरुदेवसिंग खुश त्या वेळी फिलिपाईन्समधील संस्थेत काम करीत होते. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या रानभाताचा शेतातल्या भाताशी संकर केला. आलेल्या रोपांचा पुन्हा पुन्हा चांगल्या वाणांशी संकर करून त्यांनी रानभाताचे दाणे गळण्यासारखे अवगुण काढून टाकले आणि रोगाला तोंड देण्याचा गुण तेवढा ठेवला. अनेक वाणांचे गुण एकत्र आणून सिद्ध केलेले 'आय. आर. ३६' हे भात १९७६ साली शेतकऱ्यांच्या हाती आले. काही वर्षांतच ते जगातील सर्वांत अधिक क्षेत्रावर लावले जाणारे भात ठरले.

आता क्षणभर थांबून विचार करा. सहा हजारांतून एकच नमुना कामास आला. १९६३ साली ते बी कोणी गोळा केले नसते तर? किंवा ते गोळा करणारा तेथे पोहोचण्यापूर्वीच ती जागा भर घालून बुजविली गेली असती तर? त्या जागेवरून जाणाऱ्याला तेथे नुसते गवतच दिसले असते. ते नाहीसे झाल्याचे कोणाला कळलेही नसते. आणि पुढे रोग आला, तेव्हा आपण काय गमावले हेदेखील कोणाला समजले नसते.

आपल्या महाराष्ट्रातही असे उदाहरण घडले आहे. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, मग सारे पान पिवळे होते आणि फळेही पिवळट व निबर येतात. या रोगाला शेतकरी 'केवडा' म्हणतात. जुन्या मुंबई इलाख्यात १९२४ साली त्याची नोंद झाली. पांढरी माशी हा रोग पसरविते. परभणीच्या कृषी विद्यापीठातील शास्त्रज्ञ जांभळे व नेरकर यांनी भेंडीचा तिच्या एका रानटी जातीशी संकर केला. पहिल्या पिढीतील रोपांना बी फार थोडे धरे. तरी धीर न सोडता त्यांनी अनेक पिढ्या निवड चालू ठेवली. त्यातून १९८० नंतरच्या दशकात केवड्याला तोंड देणारी भेंडी तयार झाली. तिचे नाव 'परभणी क्रांती'. पुढे काही भागांत हीही भेंडी रोगाला बळी पडू लागली, कारण रोगाचे विषाणूही बदलत असतात. म्हणून हा शोध एकदा करून संपत नाही. रानातील भावाकडे पुन्हा पुन्हा जावे लागते. आणि त्यासाठी तो भाऊ जिवंत असावा लागतो.

ऊस तर आपल्या राज्याचे मोठे पीक. दक्षिणेत कोइमतूर येथे १९१२ साली बार्बर व वेंकटरामन या शास्त्रज्ञांनी गोड, जाड ऊस आणि नदीकाठी वाढणारे काश नावाचे रानटी गवत यांचा संकर केला. काशात गोडी नाही, पण काटकपणा भरपूर आहे. त्या संकरातून 'को. २०५' हा ऊस निघाला व १९१८ साली तो लागवडीस देण्यात आला. पुढे जगभर पिकलेल्या कितीतरी उसांच्या अंगी काशाचा अंश आहे. शरद ऋतूत नदीच्या वाळवंटात पांढरे तुरे डोलताना दिसले, तर साखरेचा हा काटक आप्त ओळखा.

हे सारे समजल्यावर मनात येईल, की मग या सर्व रोपांचे रक्षण करावे. पण कोणाचे रक्षण करावयाचे, हे आधी कळावयास नको का? गावात जनगणना होते, तेव्हा घरोघर जाऊन नावे लिहून घेतात. त्यावाचून किती शाळा हव्यात आणि किती विहिरी हव्यात, हे ठरविता येत नाही. तशीच ही पिकांच्या भाऊबंदांची गणना आहे.

हे काम केवढे मोठे आहे, हे प्रथम ओळखले ते रशियन शास्त्रज्ञ निकोलाय वाव्हिलॉव्ह यांनी. प्रत्येक पीक पृथ्वीच्या ज्या भागात प्रथम जन्मले, त्या भागात त्याचे सर्वाधिक प्रकार आणि रानटी आप्त सापडतात, असे त्यांनी १९२६ साली मांडले. अशा जन्मभूमींपैकी एक भारत होय. देशोदेशी हिंडून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी लाखाहून अधिक नमुने लेनिनग्राड येथे आणले. परंतु वाव्हिलॉव्ह यांच्या शास्त्रीय मतांमुळे राज्यकर्त्यांचा त्यांच्यावर रोष झाला. १९४० साली त्यांना कैद करण्यात आले आणि १९४३ साली तुरुंगातच त्यांचा अंत झाला. जगाची भूक भागविण्यासाठी झटलेला हा माणूस स्वतः उपासमारीने खंगून गेला.

इकडे १९४१ साली जर्मन सैन्याने लेनिनग्राडला वेढा घातला. शहरात अन्नाचा कण मिळेना. लाखो लोक भुकेने मेले. बियांच्या त्या संग्रहालयात गहू होता, भात होते, शेंगदाणे होते, बटाटे होते. तेथील शास्त्रज्ञ उपाशी पोटी पहारा देत राहिले. पण त्यांनी त्यातील दाणा तोंडात घातला नाही. भाताच्या संग्रहाची राखण करणारे द्मित्री इव्हानोव्ह तर भाताच्या हजारो पुड्यांच्या सान्निध्यात भुकेने मरण पावले. बी म्हणजे आजचे जेवण नव्हे, ते उद्याच्या लोकांचे आहे, अशी त्यांची श्रद्धा होती.

आपल्या देशात वनस्पतींच्या याद्या पूर्वीच होऊ लागल्या होत्या. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केला. मुंबईच्या झेवियर महाविद्यालयातील फादर सांतापाव यांनी खंडाळ्याचे डोंगर पायी पालथे घातले. त्यांनी नाव दिलेल्या एका रानमुगाच्या शास्त्रीय नावात आजही खंडाळा आहे. पण या याद्या सर्वच वनस्पतींच्या होत्या. पिकांचे आप्त तेवढे वेगळे काढून त्यांची यादी करण्याचे काम दिल्लीच्या एका राष्ट्रीय संस्थेने केले. वनस्पतींच्या आनुवंशिक ठेव्यासाठी ही संस्था १९७६ साली स्थापन झाली. तेथील अरोरा व नायर या शास्त्रज्ञांनी १९८४ साली पुस्तक प्रसिद्ध करून भारतातील पिकांच्या सुमारे ३२० रानटी आप्तांची नोंद केली. त्यानंतरही ही यादी वाढत व सुधारत गेली आहे.

अशी यादी कशी करतात? प्रथम देशातील पिकांची नावे लिहितात. मग प्रत्येक पिकाच्या कुळात रानटी जाती कोणत्या, ते जुने ग्रंथ व वाळविलेल्या वनस्पतींचे संग्रह पाहून ठरवितात. या संग्रहांत रोप दाबून, वाळवून, जाड कागदावर चिकटविलेले असते. खाली चिठ्ठी असते. ते कोठे सापडले, कोणत्या दिवशी, कशा जमिनीत आणि कोणाला, हे तीवर लिहिलेले असते. शंभर वर्षांपूर्वीची अशी एक चिठ्ठी पाहून शास्त्रज्ञ पुन्हा त्याच टेकडीवर जातात व ते रोप तेथे अजून आहे का, हे शोधतात.

त्यानंतर नाते ठरवावयाचे असते. हार्लन व डी वेट या शास्त्रज्ञांनी १९७१ साली त्यासाठी तीन पायऱ्या सांगितल्या. पिकाशी सहज संकर होतो ते सख्खे, कष्टाने होतो ते चुलत आणि फारच प्रयासाने होतो ते दूरचे. मग नकाशावर खुणा करतात. कोठे अनेक आप्त एकत्र नांदतात आणि कोठे ते विरळ होत चालले आहेत, हे त्यावरून दिसते. यादी हातात आली, की कोणाकडे आधी धावावयाचे, ते कळते.

रक्षण दोन प्रकारांनी करतात. एक म्हणजे बी गोळा करून, नीट वाळवून, गोठणबिंदूच्या बऱ्याच खाली, उणे १८ अंशांच्या थंडीत ठेवणे. दिल्लीच्या संस्थेतील बीजकोशात अशा रीतीने चार लाखांहून अधिक नमुने ठेवलेले आहेत. दुसरा प्रकार म्हणजे ज्या जागी रोप वाढते, ती जागाच राखणे. मेघालयातील नोक्रेकच्या डोंगरात संत्र्या-लिंबांच्या रानटी जातींसाठी असे क्षेत्र राखले आहे. दोन्ही प्रकार आवश्यक आहेत. कोशातील बी सुरक्षित असते, पण ते झोपलेले असते. रानातील रोप दरवर्षी नव्या किडीशी व नव्या हवामानाशी सामना करीत नवे शिकत असते.

किनाऱ्यावरच्या लोकांना तर याचे महत्त्व अधिक. समुद्राची पातळी वाढत आहे. बांध फुटून खारे पाणी शेतात शिरले, तर ती जमीन पुन्हा गोडी होण्यास काही वर्षे जातात. खाऱ्या जमिनीसाठी पनवेलच्या संशोधन केंद्राने 'पनवेल १', 'पनवेल २', 'पनवेल ३' असे भात दिले आहेत. भाताचा एक रानटी आप्त तर याहून पुढे गेला आहे. भारताच्या किनाऱ्यांवर काही खाड्यांच्या चिखलात तो वाढतो. भरतीच्या वेळी तो खाऱ्या पाण्यात बुडून जातो आणि पानांवरील सूक्ष्म केसांवाटे अंगातील मीठ बाहेर टाकतो. चेन्नईच्या स्वामिनाथन संशोधन संस्थेने त्याचा अभ्यास करून त्याचे जनुक भातात आणण्याचे प्रयत्न केले आहेत. उद्या खारेपाटात भात पिकवावयाचे असेल, तर त्याची किल्ली कदाचित खाडीच्या चिखलातच सापडेल.

परंतु याच जागा झपाट्याने कमी होत आहेत. पालघर, बोईसर, तारापूर या बाजूला कारखाने आले, अणुविद्युत केंद्र आले, रस्ते आले, वस्ती वाढली. लोकांना काम व वीज मिळाली, हे चांगलेच झाले. पण डबकी बुजतात, कुंपणाच्या जागी भिंती येतात, बांधावरचे गवत औषध मारून जाळले जाते. शेतकऱ्याला दोष देऊन चालणार नाही. शेतात शिरलेला रानभात हे खरोखरच तण आहे. तो उपटलाच पाहिजे. पण शेतातील तण हे तळ्याकाठची ठेव असू शकते, हे त्यालाही कोणीतरी सांगावयास हवे.

आणि आणखी एक गोष्ट नाहीशी होत आहे, ती म्हणजे ओळख. शास्त्रज्ञाच्या यादीत रोपाचे नाव व जिल्हा असतो. पण ते नेमके कोणत्या ओहोळाच्या वळणावर उगवते, त्याचे बी कोणत्या पंधरवड्यात पिकते, त्यातले कडू कोणते आणि गोड कोणते, हे बहुधा एखाद्या वारली आजीलाच ठाऊक असते. तिच्याकडून नातीने ते ऐकून घेतले नाही, तर रोप रानात असूनही हरवल्यासारखेच होते. म्हणून २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी समिती नेमून लोकजैवविविधता नोंदवही ठेवण्यास सांगितले आहे. देशाची यादी दिल्लीत पूर्ण होत नाही. ती गावात पूर्ण होते.

या कामात तुम्हांलाही भाग घेता येईल. एक वही घ्या. आजी-आजोबांना, बाजारात रानभाजी विकणाऱ्या बाईंना विचारा. रोपाचे गावातील नाव, जागा, तारीख, फूल कधी येते आणि फळ कधी येते, हे लिहा. रोपाचे चित्र काढा, पण रोप उपटू नका. न ओळखणारे काही तोंडात घालू नका. रानातील पुष्कळ कंद खाजरे व विषारी असतात.

येत्या नरकचतुर्दशीला कारीट अवश्य फोडा. ती आपली चाल आहे. मात्र फोडण्यापूर्वी ते कोणत्या वेलीचे, कोणत्या बांधावरचे, हे वहीत लिहून ठेवा. आणि दोन-चार कारिटे वेलीवरच राहू द्या.

अभ्यास

१. कारिटाचे खरबुजाशी व काकडीशी नाते कसे आहे?
२. रानभाताचे दाणे पिकताच गळतात, यात त्या रोपाचे कोणते हित आहे? शेतकऱ्याला ते का नको असते?
३. गोंडा येथील रानभाताचे बी गोळा झाले नसते, तर काय झाले असते? आपल्या शब्दांत लिहा.
४. लेनिनग्राडच्या शास्त्रज्ञांनी संग्रहातील दाणे का खाल्ले नाहीत? तुम्हांला त्यांचे वागणे कसे वाटते?
५. 'शेतातील तण हे तळ्याकाठची ठेव असू शकते.' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
६. आपल्या गावातील एका रानभाजीची माहिती घरच्या वडील माणसांना विचारून दहा ओळींत लिहा.